बॅज नको, फाइल दाखव

भाऊने विषय काढला आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. त्याला बीएमडब्ल्यूची एक्स-५, मर्सिडीजची जीएलई किंवा पोर्शची कायेन यांतली एक घ्यायचीय, वापरलेली, आणि तिच्यामागे घोड्यांचा ट्रेलर लावायचाय. ट्रेलर रिकामा ९०० किलो, वर ५५० किलोचे दोन घोडे, म्हणजे झाले दोन टन. प्रश्न सरळ होता: तिन्हींतली टिकेल कुठली?

डॉक्टरांना विचार करायला वेळ लागला नाही. "व्ही-८ घे, व्हीच्या आकारात आठ सिलिंडर. ओढायचंय ना? मग इंजिन मोठंच हवं. लहान इंजिन दामटण्यापेक्षा मोठं आरामात चालतं."

"कुठलं व्ही-८?" तात्या म्हणाले. तात्यांची हयात गॅरेजात गेली आहे, त्यामुळे ते बोलायला लागले की आम्ही बाकीचे जरा सरसावून बसतो. "बीएमडब्ल्यूचं एन६३ म्हणत असाल तर थांबा. २००८ साली आलेलं, ४.४ लिटरचं. त्याचे दोन्ही टर्बो व्हीच्या खाचेत, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेत. जागा वाचते, टर्बो पटकन उचलतो, सगळं मान्य. पण तापलेला टर्बो मधोमध ठेवला की आजूबाजूचं रबर, वायरिंग, होसपाइप रोज भाजून निघतात. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की इंजिन ऑइल प्यायला लागतं. अमेरिकेत २०१४ च्या शेवटी कंपनीला या इंजिनासाठी वेगळी दुरुस्ती मोहीम काढावी लागली. नंतरच्या आवृत्त्या सुधारल्या. पण भाऊ, तू जुन्यातलं घेणार, आणि वर दोन टन ओढणार."

"तात्या, कायेनच्या व्ही-८ने एअरबस ए३८० ओढलंय," डॉक्टर हटेनात. "२०१७ मध्ये, पॅरिसच्या विमानतळावर. २८५ टन!"

"ओढलंय, पण किती अंतर?" ताईंनी विचारलं. कट्ट्यावर ट्रेलर घेऊन खरोखर डोंगर चढणाऱ्या ताई एकट्याच. "४२ मीटर, सपाट जमिनीवर. त्याआधी २००६ मध्ये फोक्सवॅगनच्या तुआरेगने बोइंग ७४७ ओढलं, तेव्हा चाकांना पकड मिळावी म्हणून गाडीत काही टन पोलाद भरलं होतं. सपाटीवर विमान हलवायला जोर लागतो तो थोडा वेळ. गिअरबॉक्स तापायच्या आत खेळ संपतो. मी चढावर वीस मिनिटं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते, तेव्हा परीक्षा ऑइलची आणि रेडिएटरची असते."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण जाहिरातीतला आकडा कुठून येतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. युरोपच्या नियमात ओढायची क्षमता ठरवताना भरलेल्या ट्रेलरसकट गाडीने १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून सुटायला हवं. अमेरिकेत त्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ येतो, भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून. दोन कसोट्या वेगळ्या, म्हणून एकाच गाडीचे दोन देशांत दोन आकडे दिसतात. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दर १००० मीटरमागे एकूण वजन १० टक्क्यांनी कमी करा असं लिहिलेलं असतं. गाडी घेताना ते पान कोण उघडतो?

"मुद्द्याचं सांगा," भाऊ कंटाळला. "घेऊ काय?"

"सरळ सहा सिलिंडर," तात्या म्हणाले. "बीएमडब्ल्यूचं, पेट्रोलमध्ये बी५८, डिझेलमध्ये बी५७. मर्सिडीजमध्ये जुनं व्ही-६ डिझेल, ओएम६४२, दणकट आहे, पण त्याच्या ऑइल कूलरचे सील व्हीच्या तळाशी असतात. ते गळले की ऑइल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं, आणि नवखा मेकॅनिक क्रँकचा मागचा सील गेला म्हणून सांगतो. सील स्वस्त, पण तिथवर पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. पहिल्या पिढीच्या व्ही-८ कायेनमध्ये कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या, त्या तडकायच्या. नंतर अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या. बघायला जाशील तेव्हा एवढंच विचार, नळ्या बदलल्यात का?"

त्यानंतर वाद गिअरबॉक्सवर आला आणि तिथेच खरा रंगला. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्या वापरतात, आणि तो उत्तम आहे यावर सगळ्यांचं एकमत. पण बीएमडब्ल्यू त्यातल्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणते. डॉक्टरांचं म्हणणं, ज्यांनी गाडी बनवली त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तात्या तडकले. "गिअरबॉक्स बनवला झेडएफने. आणि तीच झेडएफ सांगते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. ओढणारी गाडी असेल तर त्याआधीच. मग ऐकायचं कुणाचं?"

मी इथे पूर्णपणे तात्यांच्या बाजूचा आहे. इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरतो तेव्हा उष्णता तयार होते आणि ती ऑइलच झेलतं. काळं पडलेलं ऑइल एकदा जवळून बघावं. ताजं असतं ते स्वच्छ, हातावर घेतलं तर पारदर्शक. जुनं बाहेर येतं ते दाट, जळका वास असलेलं, आणि पॅनमधल्या चुंबकांवर लोखंडाच्या बारीक भुकटीचा करडा लेप असतो. पॅन प्लास्टिकचा, फिल्टर त्याच्यातच बसवलेला, त्यामुळे पॅनसकट सगळं बदलायचं. आणि ऑइलची पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आल्यावर. घाईत केलेलं हे काम न केल्यापेक्षा वाईट.

"ट्रान्सफर केस विसरू नका," ताई म्हणाल्या. म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा भाग. चारही टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढचे-मागचे घेर जुळले नाहीत तर आतला क्लच सतत घासत राहतो. दोनच नवे टायर टाकून पैसे वाचवणारा माणूस पुढे त्याच्या कितीतरी पट घालवतो.

एअर सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलण्यावर, मात्र माझं तात्यांशी जमलं नाही. ते म्हणतात, घेऊच नये. रबराच्या पिशवीला चीर पडते, गाडी रात्रभरात एका कोपऱ्यावर बसते, कॉम्प्रेसर ती सतत फुगवत राहून शेवटी स्वतः जळतो. सगळं खरं. पण हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर, ट्रेलर टेकला की मागचा भाग खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. एअर सस्पेन्शन गाडी आपोआप समतोल करतं. आत जिवंत घोडे पाय बदलत उभे असताना मला ते हवंच. साबणाचं पाणी मारून गळती वेळेत शोधली तर कॉम्प्रेसर वाचतो.

मास्तर इतका वेळ गप्प होते. "या सगळ्यापेक्षा लँड क्रूझर घ्या आणि मोकळे व्हा."

कुणीच लगेच उत्तर दिलं नाही, कारण टिकाऊपणात त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "देखभाल करायची नसेल तर मास्तरांचं ऐक. भाऊ, तू देखभालीच्या बिलांची फाइल ठेवणारा माणूस आहेस का, ते आधी ठरव. जर्मन गाडीत इंजिन ऑइल १५ हजार किलोमीटरच्या आत बदलावं लागतं, कंपनी ३० हजार म्हणाली तरी. वॉटर पंप, थर्मोस्टॅट बिघडायच्या आधी बदलावे लागतात. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गास्केट ओलं दिसलं की त्याच आठवड्यात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सरळ-सहात ते ऑइल बेल्टवर पडतं, बेल्ट निसटतो आणि क्रँकच्या सीलमधून आत ओढला जातो."

भाऊ म्हणाला, फाइल ठेवेन.

मग हिच कंपनीचीच असलेली गाडी शोधायची, यावर एकमत झालं. तिच्यात ट्रेलरचं कंट्रोल युनिट असतं. ट्रेलर डोलायला लागला की ते ओळखून गाडी चाकांना वेगवेगळे ब्रेक लावते. बाहेरून हिच बसवली तर वायरिंग आणि कोडिंग दोन्ही करून घ्यावं लागतं, आणि नुसतं वायर जोडून देणारे पुष्कळ. हिचच्या बॉलवर येणारा ट्रेलरचा भार मोजून घ्यायचा आणि तो गाडीच्या भारक्षमतेत धरायचा, हे ताईंनी दोनदा बजावलं.

राहता राहिलं डिझेल की पेट्रोल. २०१८ साली आलेल्या एक्स-५मध्ये ३०डी या डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ६२० न्यूटन-मीटर, ४०आय या पेट्रोलचा ४५०. चढावर फरक जाणवतो. "पण आठवडाभर गाडी कुठे फिरणार?" तात्यांनी विचारलं. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणार असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तापतच नाही, काजळी साचते, धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर तुंबतो. तबेला ४० किलोमीटरवर आहे आणि एक दिवसाआड जाणं होतं, असं भाऊ म्हणाला. तात्यांनी मान डोलावली. "मग डिझेल. गाडी ठरली की गिअरबॉक्स ऑइलचं बिल माग. नसेल तर ते काम किमतीतून वजा कर, आणि पहिला घोडा चढवायच्या आधी करून घे."