लाल डगला कोण घालणार?

एप्रिल जवळ आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद, दोरा आणि एक गुळगुळीत लाकडी दांडकी येते. बायको तिला लाटणं म्हणते. दांडकीवर कागदाची पट्टी गुंडाळायची, एक टोक दोऱ्यानं आवळायचं आणि दांडकी अलगद ओढून घ्यायची. उरते ती बोटाएवढी सुरळी. तिच्यात काळी दारू भरायचं काम घरात नाही; ते बाहेर, जुनी लढाई वठवणाऱ्या आमच्या तुकडीतल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. शोरा, गंधक, कोळसा. शिसं मात्र नाही, म्हणून हे काडतूस ‘ब्लँक’. कागदाला स्टेपलरची पिन मारायची नाही, कारण नळीत धातूचा कपटासुद्धा जाता कामा नये. पहिल्या वर्षी माझी निम्मी काडतुसं पोटाशी सैल झाली होती आणि पेटीत दारू सांडली होती. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं ते १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, इथल्या लेक्सिंग्टन गावात. तिथल्या हिरवळीवर इंग्रज फौज आणि गावचे शिबंदी शेतकरी समोरासमोर आले. आठ गावकरी ठार, दहा जखमी. इंग्रजांकडे फक्त एक शिपाई जखमी. हा प्रसंग त्याच हिरवळीवर दरवर्षी एप्रिलमध्ये पहाटे वठवतात आणि अंधारात, कुडकुडत, पोरांना खांद्यावर घेऊन लोक बघायला येतात. आपलं गाव हरतं ते बघायला.

यात मी असतो लाल डगल्यात, म्हणजे इंग्रज शिपायाच्या वेशात. हे घरच्या ग्रुपवर कळलं तेव्हा काकांनी एकच ओळ लिहिली : ‘इंग्रजांच्या बाजूनं?’ पुतण्यानं पुढे रडणारे चेहरे जोडले.

त्याच ग्रुपवर जुलै २०२४ मध्ये वाघनखांवरून रणधुमाळी झाली होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती ठरावीक मुदतीसाठी साताऱ्याला आली. महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा नाही हे त्या संग्रहालयाचंच म्हणणं होतं. मग खरी की खोटी, कुणी शंका घ्यावी, शंका घेणारा कोणाचा माणूस, असं आठवडाभर चाललं. वाघनख बोटांत अडकवतात कसं, मूठ वळल्यावर ते दिसतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा मीही खरं-खोटंच करत होतो.

काडतुसं वळायला लागल्यापासून मला हा दुसरा प्रश्न जास्त छळतो. सुरळीचं टोक फाडायचं, चिमूटभर दारू गारगोटीखालच्या वाटीत रंजक म्हणून घालायची, झाकण लावायचं, उरलेली नळीत ओतायची आणि कागद फेकून द्यायचा. खऱ्या लढाईत यापुढे कागद आणि गोळी गजानं ठासत. आमची बंदूक ठासणीची, पण ठासायला सक्त मनाई : आत दाबलेला कागदाचा बोळासुद्धा माणसाला जखमी करू शकतो. नेमही समोरच्याच्या डोक्यावरून धरायचा. एवढं करूनही गारगोटी बोथट असली किंवा हवा दमट असली की फुसका बार. अशा बंदुका घेऊन माणसं ओळीत उभी राहायची, हे हात काळे झाल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

टोक दातानं फाडायची जुनी रीत होती. आमच्यात काहीजण तसं करतात, मी हातानं फाडतो. २४ एप्रिल १८५७ ला मीरतच्या परेडवर ९० स्वारांना ‘दातानं नको, हातानं फाडा’ असंच सांगितलं होतं. तरी ८५ जणांनी काडतुसांना हात लावला नाही. माझ्या कागदाला चरबी नाही, हे माहीत आहे. तरी दात पुढे होत नाहीत.

काकांना मी उत्तर दिलं ते असं. लेक्सिंग्टनच्या महिनाभर आधी, मार्च १७७५ मध्ये, राघोबादादांनी ईस्ट इंडिया कंपनीशी सुरतेचा तह केला. इथलं युद्ध आणि आपलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध बरोबरच पेटलं. इथल्या लोकांनी कराच्या रागात बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहाही त्याच कंपनीचा. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळात आपण तिला कोंडून तह करायला लावला. जिंकलेली लढाई आहे. ती का नाही वठवत?

काका म्हणाले, ‘जरूर करू. पण इंग्रज कोण होणार?’

खरी गोम तिथेच आहे. त्या इंग्रज फौजेत गोरे थोडे, बहुतेक शिपाई हिंदी, आणि मुंबईच्या पलटणींत कोकणातले पुष्कळ. म्हणजे लाल डगला आपल्याच कुणाच्या पणजोबाच्या अंगावर होता. त्याला आज कोण उभं करणार? राघोबा तर दूरच.

इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. खऱ्या गोळ्यांनी इथे जे होतं ते रोज बातम्यांत असतं. शिवाय डगल्याची शिवण हातची की यंत्राची, यावरून माणसं अबोला धरतात. लेक्सिंग्टनच्या जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम होता. स्वातंत्र्याच्या कौतुकात तो मागेच राहत आला. आणि हरलेली पहाट मिरवणं यांना सोपं आहे, कारण पुढे युद्ध यांनीच जिंकलं. आपलं राज्य १८१८ मध्ये गेलं. ती जखम वेगळी, हे काकांचं म्हणणं मला पटतं.

तरीही माझं मत बदलत नाही. वडगावला बंदुकांचे परवाने मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. बारूद नको, लाकडी बंदुका चालतील, तोंडानं ‘ठो’ म्हटलं तरी चालेल. दिवाळीत मातीचा किल्ला करताना आपण बुरूज हातानंच लिंपतो ना?

पुतण्याला मी विचारलं : वर्तमानपत्राची काडतुसं तू वळ, सांगतो कशी ती. आणि लाल डगला घालशील?

तीन दिवस झाले. निळ्या टिका दिसतायत.