लाल फिल्टरबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तक्रार नीट वाचली. फक्त कृष्णधवल फोटो काढणाऱ्या पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम कॅमेऱ्यासाठी आमच्याकडून लाल २५ नंबरचा फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची लाल काच, नेलात आणि कास पठारावर गेलात. आकाश पांढरंच राहिलं, गवत काळं झालं, तेरडा पांढराफटक आला, फोटो हललेले दिसतात, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये काही सुधारत नाही आणि आता फिल्टर लेन्सवरून निघत नाही. म्हणून काच डुप्लिकेट, आणि ती आम्ही तुमच्या गळ्यात मारली, असं तुमचं म्हणणं.

काच डुप्लिकेट नाही. गवत काळं आणि तेरडा पांढरा येणं, हेच लाल फिल्टरचं काम. पण तो तुमच्या कामाचा नव्हता, आणि ही चूक आमची. 'आकाश गडद हवंय' एवढं ऐकून काउंटरवरच्या मुलाने लाल काढून दिला. कुठे जाणार, कशाचे फोटो काढणार, हे विचारायलाच हवं होतं.

आकाशाचं असं आहे की लाल काच निळा रंग अडवते, म्हणून निळं आकाशच तेवढं गडद होतं. फुलांच्या हंगामात कासवर बहुतेक वेळा ढग असतात. ढगाच्या पांढऱ्यात सगळे रंग सारखेच, मग कुठलाही रंगीत फिल्टर लावा, ढग काही निळ्या आकाशासारखे गडद होत नाहीत. धुक्याचंही तेच, त्याचे थेंब मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात. हिवाळ्यात अजिंक्यताऱ्यावरून लांबच्या डोंगरांवर जी निळसर झाक दिसते, ती मात्र नारिंगी २१ ने बऱ्यापैकी कापली जाते. ढगाळ आकाश गडद करायचं तर ग्रॅज्युएटेड एनडी लागतो, म्हणजे वर गडद आणि खाली साफ होत जाणारी काच, आणि तो राखाडी असतो, रंगीत नव्हे.

आता फुलं. तेरड्याची गुलाबी पाकळी लाल आणि निळा प्रकाश परत टाकते, हिरवा गिळते. फिल्टर नसेल तर ती आणि गवत बऱ्याचदा एकाच राखाडीत मिसळून जातात. लालमधून पाकळी उजळते, गवत बुडतं. पिवळट हिरव्या ११ नंबरमधून उलटं होतं: गवत उजळ आणि फूल त्यावर गडद उठून दिसतं. तुम्हाला बहुधा हेच हवं होतं. सोनकीसाठी मात्र लालच बरा, कारण पिवळ्या पाकळीतून लाल प्रकाश भरपूर येतो.

फोटो हलले ते काचेमुळे नव्हे. सेटिंग तुम्हीच लिहिलंय: एफ ८, आयएसओ २००, शटर १/१५. फिल्टरशिवाय १/१२५ येत होतं, लाल काच उजेड खाते म्हणून त्यात तीन स्टॉप वाढवले, म्हणजे उजेड तीनदा दुप्पट केला. पठारावरच्या वाऱ्यात १/१५ ला फूल स्थिर राहणं अवघड. आयएसओ १६०० केला असता तर १/१२५ परत मिळालं असतं, ३२०० ला १/२५०. या सेन्सरवर रंग ओळखणारी जाळी नसल्याने ३२०० चा नॉइज, म्हणजे फोटोतले ठिपके, बारीक दाण्यासारखा दिसतो, घाबरू नका. शिवाय ते तीन स्टॉप फिल्मच्या हिशोबाचे. डिजिटल सेन्सर लाल प्रकाश जास्त पकडतो, त्यामुळे एक्स्पोजर थोडं जास्तच झालं आणि पाकळीवरच्या शिरा जळून, म्हणजे पांढऱ्याफटक होऊन, गेल्या. आकडे पाठ करण्यापेक्षा फिल्टर लावून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा आणि उजव्या टोकाला टेकत असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ किंवा उणे १ करा.

जळलेलं परत आणता येत नाही, हेही याच कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य. रंगीत कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा यांतला एक चॅनल जळला तरी दुसऱ्यात थोडा तपशील उरतो. इथे पिक्सेलला फक्त उजेड कळतो, रंग नाही. म्हणून लाइटरूममधले रंगांचे स्लायडर या फाइलवर चालत नाहीत. लाल, हिरवा की पिवळा, हे शटर दाबायच्या आधीच ठरवायचं.

फोकस मात्र तपासा. लाल प्रकाश बऱ्याच लेन्समध्ये जरा मागे जुळतो. लांबच्या दृश्याला एफ ८ वर ते झाकलं जातं, जवळच्या फुलाला दिसतं. फिल्टर लावूनच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करून फोकस करा.

अडकलेल्या रिंगला पक्कड लावू नका. दोन बोटांनी घट्ट पकडलं की ती लंबगोल होते आणि जास्तच आवळते. कडेभोवती रुंद रबर बँड चढवा, सगळ्या बोटांनी हलक्या हाताने धरा, लेन्सकडे समोरून बघत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. नाही निघाली तर तशीच लेन्स घेऊन दुकानात या, आम्ही काढून देतो. लालच्या बदल्यात ११ नंबर घेऊन जा, किंमतीत फरक असला तर तो आमच्याकडे लागला. पैसेच परत हवे असतील तर बिल आणा, पूर्ण देऊ.