परदेशात जाताय? आधी त्या घरी फोन करा

परदेशातलं एखादं लेकरू कधीकाळी तुमच्या घरी राहून गेलं असेल, तर टूरवाल्याकडं पैसे भरायच्या आधी त्याच्या आईबापाला फोन करा. दोन शहरं कमी बघा, पण त्या घरी मुक्कामाला जाच. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आमच्याकडं लातूरला २०१५-१६ च्या शाळेच्या वर्षात रोटरीच्या युथ एक्सचेंजमधून एक जर्मन मुलगी होती. साधारण १५ ते १९ वयाची मुलं यात परदेशी जातात, वर्षभरात दोन-तीन घरी आळीपाळीनं राहतात. ठेवून घेणारं घर त्याचे पैसे घेत नाही. ती आली नेमकी दुष्काळात. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, नळ बंद, टँकरपुढं घागरींच्या रांगा, पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा लातूरचं नाव देशभर झालं. परक्याची पोर आणि अंघोळीला अर्धी बादली पाणी. माझा जीव तुटायचा.

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं जर्मनीत म्युन्स्टरजवळच्या तिच्या गावी गेलो. तिची आई स्वयंपाकघरात भाजी धूत होती. खाली पातेलं धरलेलं. धुऊन झाल्यावर ते पाणी तिनं खिडकीतल्या कुंड्यांना घातलं. त्या भागात पाऊस बारमाही, सगळं हिरवंगार. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "ही तुमच्या घरची सवय. पोरगी परत आली आणि आम्हा सगळ्यांना लावली."

मग तिनं त्या एप्रिलचं सांगितलं. बातम्या बघून दोघं नवराबायको घाबरली होती, परतीचं तिकीटसुद्धा शोधून ठेवलं होतं. पोरगी फोनवर म्हणाली, मी येत नाही, इथं आजी सगळ्यात आधी माझी बादली भरून ठेवते. माझ्या सासूबाईंनी हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. त्या आता नाहीत. त्यांची ही गोष्ट मला इतक्या लांब जाऊन कळली, आणि तीही त्यांना कधी न भेटलेल्या बाईकडून.

आपण म्हणतो, आम्ही एक पोरगी वर्षभर सांभाळली. पण पलीकडं एक आई होती, जिनं सोळा वर्षांची लेक नकाशावर शोधून काढाव्या लागणाऱ्या गावी पाठवली होती. तिचा धीर केवढा, हे तिच्यासमोर बसल्याशिवाय मला कळलं नसतं.

वडील अबोल. मे महिना म्हणजे तिकडं पांढऱ्या श्पारगलचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा हंगाम. मातीचे उंच वरंबे करून त्याखाली ही भाजी वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून ती पांढरी राहते. २४ जूनला काढणी थांबते, त्यामुळं तोवर घरोघरी तीच. त्यांनी आमच्या ह्यांच्या हातात सालकाढणं दिलं आणि दोघं सोलत बसले. मोबाइलवर भाषांतर करत सोयाबीनचा भाव, तिकडच्या मक्याचा भाव, मजुरांची टंचाई, असं बोलणं तासभर चाललं. रविवारी तिकडं दुकानं बंदच असतात. दुपारी केक-कॉफीला आजी, काका-काकू, सगळं गणगोत जमलं. भिंतीवर आमच्या शेतातला येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाचा, फोटो, कडब्याच्या कोपीपुढं ही पोर भज्जी (पालेभाज्या अन् शेंगांच्या दाण्यांची मिसळ भाजी) अन् आंबील घेऊन बसलेली. त्या आजीनं भज्जीत काय काय पडतं ते मला विचारून लिहून घेतलं.

एक्सचेंजचं लेकरू ठेवून घ्या म्हटलं की नांदेड, परभणी, बीडकडची ओळखीची माणसं मागं सरतात. घरात एसी नाही, आम्हाला इंग्रजी येत नाही, त्यांना आपलं जेवण कसं चालायचं? अहो, आमच्या घरी पाणी नव्हतं! लेकरू रमतं ते त्याची काळजी करणारं माणूस घरात असलं म्हणजे. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हो म्हणा.

यंदा येळवशीला तिचे आईवडील लातूरला येतायत. नातेवाईक आत्तापासून चांगलं हॉटेल सुचवायला लागलेत. कृपा करून सुचवू नका. ती दोघं आमच्याच घरी राहणार, आणि शेतात आमच्यासोबतच जेवणार.