कोकेन, मिथाइल बेंझोएट आणि फुलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांवरच्या मागच्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: "कुत्रा कोकेन नाही, मिथाइल बेंझोएट हुंगतो, हे लेखकच कबूल करतात. हे रसायन फुलांत आणि अत्तरांत सर्रास असतं. म्हणजे श्वानपथकातला कुत्रा बागेतही इशारा देणार. बाकी सगळा हँडलरच्या (कुत्रा हाताळणाऱ्याच्या) खाणाखुणांचा खेळ. यंत्रं आली आहेत, हे थोतांड आता बंद करा. खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी एकदा मैदानात यावं."

आधी सुराबद्दल बोलतो, कारण तो खटकला. मतभेद जरूर असावेत. पण ज्या लेखात बाष्पदाबापासून (पदार्थ किती सहज हवेत उडतो त्याचं माप) नमुना साठवण्याच्या बाटलीपर्यंत सगळं लिहिलं होतं, त्यातल्या एकाही आकड्याला हात न लावता 'थोतांड' म्हणून मोकळं व्हायचं, ही चर्चेची रीत नव्हे. खुर्चीचं म्हणाल तर सरावाचे नमुने भरणं, ते मैदानात मांडणं आणि नंतर त्याच डब्यांतली हवा जीसी-एमएसवर (हवेतली संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवणं, ही तिन्ही कामं मी केली आहेत. तुम्ही यांतलं काय केलं आहे, हे प्रतिक्रियेत कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट मान्य. लेखासोबतचा फोटो स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याचा होता, अमली पदार्थ शोधणाऱ्याचा नव्हे. तो बदलला आहे.

आता तुमचं ते एक वाक्य: 'हे फुलांतही असतं.' असतं, प्रश्नच नाही. स्नॅपड्रॅगनच्या फुलांतून सुटणाऱ्या वासात मिथाइल बेंझोएट भरपूर असतं. पण तेवढ्यावरून कुत्रा बागेत बसेल, म्हणजे इशारा देईल, म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे.

मुळात कोकेनच्या वासात हे रसायन येतं कुठून? शुद्ध कोकेनचा बाष्पदाब 25 अंश सेल्सिअसला पाऱ्याच्या एका मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या घरात आहे. मिथाइल बेंझोएटचा त्याच तापमानाला साधारण 0.4 मिलिमीटर. फरक दहा लाख पटींहून मोठा. हवेतल्या ओलाव्याने कोकेन हळूहळू मोडतं, मिथाइल बेंझोएट सुटत राहतं आणि कुत्र्याच्या नाकापर्यंत मुख्यतः तेच पोचतं. म्हणूनच कोरड्या हवेत घट्ट बंद ठेवलेल्या नमुन्याला वास कमी येतो आणि दमट जागी तोच नमुना जास्त बोलतो. सरावासाठी नेहमी एकाच, सुक्या डब्यातला नमुना वापरणाऱ्या पथकाचा कुत्रा पावसाळी हवेत गोंधळतो, त्याचं एक कारण हे आहे. नमुना तोच, पण वासाची ताकद वेगळी.

फुलांचा प्रश्न मात्र तुम्हाला पहिल्यांदा पडलेला नाही. फ्लोरिडातल्या श्वानपथकांवर तो रीतसर तपासून झाला आहे. अमली पदार्थांसाठी प्रमाणित अशा 21 पथकांसमोर (एक पथक म्हणजे एक कुत्रा आणि त्याचा हँडलर) स्नॅपड्रॅगनच्या चार जाती ठेवल्या. एकाही कुत्र्याने फुलांवर इशारा दिला नाही. खऱ्या कोकेनवर सगळ्या 21 कुत्र्यांनी दिला. त्याच फुलांची हवा जीसी-एमएसवर चालवली, तेव्हा मिथाइल बेंझोएटच्या जोडीला तितकीच किंवा त्याहून ठळक अशी दुसरी संयुगं दिसली. एवढं कळल्यावर 'बागेत बसेल' हे वाक्य निदान प्रश्नचिन्हासह लिहायला हवं होतं.

'यंत्राने दाखवलेलं खरं कशावरून?' असं तुम्ही पुढे विचाराल, म्हणून तेही सांगून टाकतो. नमुना काचेच्या बाटलीत, वर रबरी पडदा. आतली हवा स्थिरावू द्यायची. मग सुईतून एक सेंटिमीटरभर लांबीचा, शोषक थर दिलेला तंतू बाहेर काढून नमुन्यावरच्या हवेत धरायचा. यालाच एसपीएमई म्हणतात. नंतर तोच तंतू जीसीच्या साधारण 250 अंश तापलेल्या इनलेटमध्ये सोडायचा. मिथाइल बेंझोएट असेल तर मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू आणि त्याच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात) 105 वर सर्वांत उंच रेघ, 136 वर मूळ रेणू आणि जोडीला 77. चुका होतात त्या याच्या आगेमागे. कोरा तंतू आधी चालवला नाही, तर मागच्या नमुन्याचा उरलेला वास या नमुन्याच्या नावावर चढतो. 73, 207, 281 या रेघा दिसल्या तर त्या बहुधा तंतूच्या किंवा कॉलमच्या (यंत्रात संयुगं वेगळी करणाऱ्या नळीच्या) सिलिकॉनच्या असतात, नमुन्याच्या नव्हेत. आणि तंतू फार वेळ धरला तर जड संयुगं हलक्यांना ढकलून जागा बळकावतात. त्यामुळे आलेखातलं शिखर उंच म्हणजे हवेत ते संयुग जास्त, असा सरळ हिशेब कधीच करू नये. 'अत्तरात सर्रास असतं' म्हणताना तुम्ही नेमका हाच हिशेब केला आहे. असणं वेगळं, किती वेगाने सुटतं ते वेगळं, आणि कशाच्या संगतीत सुटतं ते त्याहून वेगळं.

हा वेग मोजता येतो. मिथाइल बेंझोएटचे थेंब उघड्या गाळण कागदावर टाकले की सुरुवातीला वासाचा लोंढा येतो आणि मग तो झपाट्याने ओसरतो. अशा कागदावर तयार केलेला कुत्रा लोंढाच शोधायला शिकतो. त्याऐवजी तेच द्रव्य कमी घनतेच्या पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत सील केलं, तर ते प्लास्टिकमधून जवळजवळ एकसारख्या वेगाने झिरपतं. पिशवी रोज त्याच वेळी, त्याच तापमानाला तोलायची. दिवसाला एक मिलिग्रॅम घट म्हणजे सेकंदाला साधारण 11.6 नॅनोग्रॅम. प्लास्टिक जाड घेतलं की वेग घटतो, पिशवी मोठी घेतली की वाढतो. खोली तापली तरी वाढतो, म्हणून तापमान न लिहिलेली नोंद फुकट जाते. पॉलिथिनचा हाच गुण साठवणीत वैरी होतो. चार प्रकारचे नमुने चार पिशव्यांत, पण एकाच पेटीत ठेवले, की महिन्याभरात चारही सगळ्यांचे वास घेऊन बसतात आणि कुत्रा मिश्रण शिकतो. प्रत्येक नमुना वेगळ्या काचेच्या बरणीत, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाखाली ठेवावा. कोऱ्या डब्यांना हात लावताना वेगळे हातमोजे घालावेत, नाहीतर कुत्रा मोज्यांचा वास शिकतो आणि हँडलरला वाटतं माल सापडला.

तुम्हाला खरोखर अडचणीचा प्रश्न विचारायचा होता, तर फुलं सोडून सी-4 हे प्लास्टिक स्फोटक घ्यायचं होतं. त्यातलं मूळ स्फोटक, आरडीएक्स, हवेत जवळपास येतच नाही. कुत्र्यापर्यंत पोचतात ती 2-इथाइल-1-हेक्झॅनॉल, सायक्लोहेक्झॅनोन आणि स्फोटक ओळखता यावं म्हणून 1991 च्या माँट्रियल करारानुसार मिसळायच्या खुणेच्या रसायनांपैकी डीएमएनबी. यातलं पहिलं पीव्हीसीच्या फरशीतून आणि वायरींच्या आवरणातूनही सुटतं. फूल बागेत असतं, पीव्हीसी प्रत्येक खोलीत. इथे धोका खरा आहे आणि त्यावरचा उपाय कष्टाचा आहे. सरावात पीव्हीसीचे तुकडे, रिकामी वेष्टनं, चिकटपट्टी, हातमोजे हे सगळं पुनःपुन्हा मांडायचं आणि त्यावर बसल्यास बक्षीस द्यायचं नाही. कुत्रा संपूर्ण मिश्रणाला बांधला जातो तो याच कामातून. ज्या पथकात हे होत नाही, तिथे तुमची शंका रास्त आहे. पण मग ती सरावावर घ्या, रसायनशास्त्रावर नको.

हँडलरच्या खाणाखुणांबद्दल थोडक्यात. 2011 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला प्रयोग तुमच्या मनात असावा, नाव घेतलं नाहीत तरी. 18 पथकं होती, खोल्यांत माल कुठेच नव्हता. हँडलरांना मात्र सांगितलं होतं की लाल कागद जिथे आहे तिथे वास ठेवलेला आहे. इशारे भरमसाट आले, आणि कागदापाशी जास्त. प्रयोग मोलाचाच आहे. पण 'कुत्र्याने इशारा दिला' हे तिथे हँडलरच सांगत होता. त्यामुळे चूक कुत्र्याने केली की माणसाने, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. हा चाचणीच्या मांडणीचा प्रश्न आहे आणि मांडणी बदलता येते. त्याला 'सगळा खेळ' म्हणणं मला पटत नाही.

यंत्रांबद्दल तर वाद घालायचीही गरज नाही. आयन मोबिलिटीचं यंत्र पुसून आणलेल्या कापडावरचे कण ओळखतं. कापड कुठे फिरवायचं, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हुंगतो आणि वासाची रेघ धरून उगमापर्यंत जातो. दोन्ही वापरा.

फुलांचा मुद्दा तरीही लढवायचा असेल तर तो असा तपासा. एकसारखे आठ धातूचे डबे, सगळे नवे. एकात फुलं, एकात अत्तराचा कापूस, एकात पीव्हीसी, एकात रिकामं वेष्टन, एकात खरा नमुना, तीन कोरे. कोणता डबा कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मांडणाऱ्याने कुत्रा येण्याआधी निघून जायचं. हँडलर आणि नोंद घेणारा, दोघांनाही जागा माहीत नसावी. काही फेऱ्यांत खरा नमुना मुळीच ठेवायचा नाही आणि हँडलरला हे आधी सांगून ठेवायचं की अशा फेऱ्या असतील. कुठल्या, ते नाही. प्रत्येक फेरीला डबे नवे, नाहीतर आधीच्या कुत्र्याची लाळ पुढच्याला वाट दाखवते. फुलांवरचे आणि कोऱ्या डब्यांवरचे इशारे वेगवेगळे मोजा, तापमान आणि आर्द्रता लिहा, आणि तो तक्ता इथे पाठवा. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेला तरी जसाच्या तसा छापेन.