ओटीपी पुण्यात, मैदान सोलापुरात

आमच्या खो-खो मंडळाची वेबसाइट बंद पडली. तीन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही, यातच काय ते समजा. डोमेनचे वर्षाचे पैसे भरायचे राहिले होते. पासवर्ड साइट बनवणाऱ्या पोराकडे, पोरगं नोकरीला पुण्यात आणि ओटीपी जाणार त्याने कधीच बंद केलेल्या नंबरवर. "काय बे, असं कसं ठेवलास?" म्हटलं तर म्हणतो, "सर, तुम्हीच म्हणला होता, तूच बघ सगळं." म्हणलो होतो खरं.

पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी ठराव, सह्या, वकिलाकडे हेलपाटे, सगळं करतो आपण. मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड नव्या सचिवाच्या हाती देण्याचा ठराव मात्र मी एकाही प्रोसीडिंग बुकात पाहिलेला नाही.

माझं मत विचाराल तर छोट्या मंडळाला वेबसाइट लागतच नाही. आमच्या साइटवर काय होतं? जुन्या ढालीचा फोटो आणि 'लवकरच येत आहे'. खरं काम केलं ते एका गुगल शीटने. नाव, जन्मतारीख, शाळा, फी. जन्मतारखेनं क्रम लावला की 14 वर्षांखालच्या किशोर गटात कोण बसतं ते लगेच दिसतं. आधी संघ पाठवायच्या आदल्या रात्री दाखले पसरून बसायचो आम्ही.

फीचं वेगळंच. क्यूआर कोड लॅमिनेट करून स्टोअर रूमच्या दारावर लावला. पण आमच्या बऱ्याच पोरांच्या आया घरी विड्या वळतात, घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर यंत्रमागाच्या पाळीला जातो. मग पैसे येतात शेजाऱ्याच्या नाहीतर दुकानदाराच्या खात्यातून. आमचे खजिनदार काका विचारतात, "हे किराणा स्टोअर आपल्याकडं कधीपासून खेळायला लागलं?" काका अजून लाल वही ठेवतात, पैसे कुणाचे ते पोरालाच विचारून लिहितात. आधी मी हसायचो. आता शीट त्या वहीवरूनच भरतो.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते. पोरांच्या आधार कार्डांचे फोटो आम्ही सरळ व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवायचो. शंभरेक लोकांच्या फोनमध्ये दहा वर्षांच्या पोरीचा पत्ता, जन्मतारीख, सगळं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी आपल्याला कळायला हवं होतं की! आता कागद मैदानावर आणायचा, आम्ही बघतो आणि हातात परत देतो.

साइट परत चालू केलेली नाही. मंडळाच्या नावानं नवीन ईमेल काढला आणि नंबर दिला काकांचा. बटणांचा फोन, पण नंबर वर्षानुवर्षं तोच. काल पहिला ओटीपी आला. काकांनी तो मैदानाच्या त्या टोकाहून ओरडून सांगितला.