म्युसली: आधी फळ, मग बाकीचं सगळं

पाकिटातली म्युसली, म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बियांचं मिश्रण, वाटीत ओतायची, वर फ्रिजमधलं गार दूध घालायचं आणि मऊ पडायच्या आत भराभरा संपवायची. आपल्याकडे बहुतेक घरांत ती अशीच खातात. आणि मग आठवडाभरात पाकीट कपाटात मागे ढकललं जातं, कारण "चारा चघळल्यासारखं वाटतं." वाटणारच! कोरडे ओट्स पाच मिनिटांत गार दुधात भिजत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. म्युसली हा मुळात फळाचा पदार्थ आहे आणि ओट्स त्यात चवीपुरते असतात. आपण नेमकं उलटं करतो. वाटीभर धान्य घेतो आणि वर केळ्याच्या चार चकत्या ठेवून फोटो काढतो.

हे माझ्या मनचं नाही. म्युसली ज्यांच्यामुळे जगभर गेली ते डॉ. माक्सिमिलियन बिर्शर-बेनर झुरिकचे. १९०४ मध्ये त्यांनी झुरिकबर्ग टेकडीवर आरोग्यधाम काढलं. पेशंटला पहाटे उठवून फिरायला धाडायचं, बागकामाला लावायचं, रात्री लवकर झोपवायचं आणि जेवणात कच्ची फळं-भाज्या द्यायच्या, असा सगळा कारभार. मांसाहारातच खरी ताकद, असं मानणाऱ्या तेव्हाच्या डॉक्टर मंडळींना हे खूळच वाटायचं. तिथे जी वाटी मिळायची तिचं प्रमाण बघा. माणशी एक मोठा चमचा ओट्स, तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवलेले. त्यात अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर कंडेन्स्ड मिल्क, चमचाभर बदामाची किंवा हेझलनटची पूड. आणि सफरचंद? जवळजवळ २०० ग्रॅम! सालासकट, आतल्या गाभ्यासकट किसलेलं. कंडेन्स्ड मिल्क कशाला, तर त्या काळी ताज्या दुधातून क्षय होण्याची धास्ती होती म्हणून. आज दही घ्या, काही बिघडत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये आजही कित्येक घरांत ही म्युसली रात्रीच्या जेवणाला खातात, सोबत ब्रेड-बटर. हे मला फार पटलं. रात्री उशिरा घरी आल्यावर कुकर लावायचं जिवावर येतं, तेव्हा सकाळी भिजवून ठेवलेली वाटी बाहेर काढायची. नाश्त्याला मात्र मला अजूनही गरम काहीतरी लागतं. उपम्याची जागा म्युसलीने घ्यावी, असं मला मुळीच वाटत नाही.

पाकिटांबद्दल थोडं. मागच्या बाजूची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली तरी पुरे. ओट्सच्या आधी कॉर्नफ्लेक्स किंवा गव्हाचे फ्लेक्स आले, तर तुम्ही म्युसलीच्या भावात कॉर्नफ्लेक्स घेताय. साखर, मध, ग्लुकोज सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट अशी वेगवेगळी नावं दिसली तरी ती सगळी एकाच कुळातली. 'क्रंची' म्हणून जे मिळतं ते बहुधा तेल-साखर लावून भाजलेलं असतं. ते खाऊ म्हणून उत्तम, मीही खाते, पण नुसतंच, मूठभर. १०० ग्रॅमला २० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर ४० ग्रॅमच्या वाटीत दोन चहाचे चमचे साखर गेली. त्यातली काही बेदाण्यांची स्वतःची असते, म्हणून 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ वेगळी बघायची.

त्यापेक्षा मी आता साधे रोल्ड ओट्स आणते. झटपट होणारे बारीक नको, त्यांची खळ होते. हे ओट्स वाफवून रुळाखाली चपटे केलेले असतात, म्हणजे आपल्या पोह्यांसारखेच. म्हणून शिजवावे लागत नाहीत, नीट भिजले की झालं. मंद आचेवर जरा भाजले की कच्चट वासही जातो. त्यात तासगावचे बेदाणे, भोपळ्याच्या बिया, जवस, काजूतुकडा. पावसाळ्यात सुकामेवा आणि जवस एकदम भरून ठेवू नका, खवट होतात.

खायच्या तऱ्हा कितीतरी केल्या. सगळ्यात आवडती दह्याची. रात्री दोन चमचे ओट्स थोड्या दुधात भिजवायचे. सकाळी एक अख्खं सफरचंद जाड किसणीवर सरळ त्याच वाटीत किसायचं आणि लगेच लिंबू पिळायचं, म्हणजे कीस काळा पडत नाही. मग घरचं, आंबट न झालेलं दही. साखर लागतच नाही. सफरचंद महाग असेल तेव्हा पेअर. चिकूही छान लागतो, पण मग लिंबू नको. अंजिराच्या दिवसांत पुरंदरची ताजी अंजिरं नुसती कुस्करून घालावीत. हापूसबद्दल मात्र मी सनातनी आहे. त्याला ओट्सच्या संगतीत बसवायचं कारण नाही.

संत्र्याच्या रसात भिजवूनही पाहिलं. हॉटेलांच्या बुफेत असतं तसं. पहिले दोन घास झकास, मग आंबट-गोड गिळगिळीत. नारळाच्या दुधातलं फार जड होतं. गरम दुधाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण नुसत्या ओट्सच्या म्युसलीवर गरम दूध आणि वेलची, बाहेर पाऊस असताना, मला चालतं. कॉर्नफ्लेक्सवाल्या पाकिटावर ओतलंत तर मात्र लगदा खायची तयारी ठेवा. नवऱ्याने एकदा बेदाण्याशिवायच्या ओट्सवर ताक, मीठ आणि हिंग-जिरं-मिरचीची फोडणी घातली. बिर्शर साहेबांनी कपाळाला हात लावला असता, पण लागलं मस्त.

सासूबाईंनी सगळं चाखून एकच विचारलं, "हे संकष्टीला चालतं का गं?" ओट्स चालत नाहीत म्हटल्यावर त्यांनीच तोडगा काढला. सफरचंदाचा कीस, दही, भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, खजुराचे तुकडे आणि अगदी खायच्या वेळी राजगिऱ्याच्या लाह्या. लाह्या आधी घातल्या की मऊ पडतात, तेवढं सांभाळायचं. आता आमच्याकडे संकष्टीला दुपारी खिचडीऐवजी हेच होतं, आणि ज्यांना उपास नाही तेही वाटी पुढे करतात.