कुरकुरणाऱ्या गाडीकडे कानाडोळा कसा करावा

जुनी गाडी बाळगायची तर आधी कान तयार करावे लागतात, म्हणजे बंद करावे लागतात. क्लच दाबला की बारीक कुईं येते, गिअर टाकताना खर्र होतं, न्यूट्रलला उभं राहिलं की आतून कुणीतरी घोरतंय असं वाटतं. अशा वेळी कारण शोधायच्या भानगडीत पडू नका. कारण सापडलं की खर्च आला. सापडत नाही तोवर तो नुसता आवाज असतो, आणि नुसत्या आवाजाचं बिल अजून कुणी फाडलेलं नाही.

तेव्हा काचा वर करा आणि गाणी लावा. काचा खाली करून, भिंतीच्या कडेकडेने गाडी सावकाश चालवायचा मोह होईल. तो आवरा. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज फार चोंबडा असतो, सगळं कानात सांगून जातो.

याहून घातक गोष्ट म्हणजे ती दोन मिनिटांची चाचणी. तिला ना पाना लागतो ना जॅक, आणि म्हणूनच ती करू नये. गाडी सपाटीवर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन गरम झालं की न्यूट्रलला ठेवून क्लचवरचा पाय पूर्ण काढायचा आणि गप्प बसून ऐकायचं. मग पेडल अगदी हळू दाबत न्यायचं आणि तसंच हळू सोडायचं. पाय वर असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत घेणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरत असतो, पेडल पूर्ण दाबलं की तो थांबतो. म्हणजे पाय वर असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता असेल, तर संशय थेट गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. उलट पाय वर असताना सगळं शांत आणि पेडलला थोडा भार पडताच कुईं सुरू, तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला रेटणाऱ्या बेअरिंगचा, आवाज. पेडल तळापर्यंत गेल्यावरच किंचाळी फुटत असेल, तर ज्या गाड्यांना पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं इंजिनाकडचं टोक पेलणारं) असतं, तिथे त्याचं नाव घ्यायचं. बसल्या जागी तीन संशयित वेगळे झाले! आता चर्चा कशावर करणार?

चर्चा तर व्हायलाच हवी. त्यासाठी मेहुणा, वरच्या मजल्यावरचे काका आणि ऑफिसातला तो एक सर्वज्ञ, एवढी समिती पुरे. समितीचा निकाल आवाज ऐकण्याआधीच ठरलेला असतो: 'क्लच प्लेट गेली.' मान डोलवा. झिजलेली प्लेट सहसा आवाज करत नाही, ती घसरते, हे मात्र बोलू नका. चढावर रेस दिली की इंजिनाचे आरपीएम चढतात, गाडी तिथल्या तिथेच राहते आणि थोड्या वेळाने करपट वास येतो. प्लेट पार रिव्हेटपर्यंत घासली की मग आवाजही येतो, पण तोवर समितीतली निम्मी माणसं तुमच्या गाडीत बसायची बंद झालेली असतात.

मेकॅनिककडे जावंच लागलं, तर तोंडातून एकच वाक्य काढा: 'आवाज येतो.' कधी येतो? 'अधूनमधून.' गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? 'तसं काही नाही.' कोणत्या गिअरला? 'सगळ्याच.' रेस दिल्यावर की सोडल्यावर, सरळ जाताना की वळताना, असे प्रश्न येऊ लागले की फोनवर महत्त्वाचा कॉल आल्यासारखं करून बाजूला व्हा. त्याला शेजारी बसवून चक्कर मारायची तर अजिबात नाही. 'तुम्हीच खोलून बघा' म्हणावं आणि चावी ठेवून निघावं. मग तो मन लावून गिअरबॉक्स उतरवेल, धुवेल, पुसेल, परत चढवेल, आणि शेवटी सायलेन्सरवरचा पत्रा सैल होऊन थरथरत होता असं निघेल. वळताना चाकाकडून येणारी टकटकसुद्धा अशीच गिअरबॉक्सच्या नावावर घालता येते. बहुतेकदा ती सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची असते, पण त्याला जरा कमी मान आहे.

आता गिअरकडे वळू. दुसरा गिअर टाकताना खर्र झालं तर जोर लावा. नाहीच पडला तर आणखी जोर लावा. 1928 साली कॅडिलॅकने सिंक्रोमेशवाला, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हीकडचा वेग आपोआप जुळवून घेणारा, गिअरबॉक्स आणला. त्याआधीचे ड्रायव्हर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, असा उद्योग करायचे. सिंक्रो झिजलेल्या गिअरला आजही त्याच पद्धतीने गोडीगुलाबीने घेता येतं. पण आपल्या दंडात ताकद असताना हे लाड कशाला?

एकच गिअर खरखरतो की सगळेच, हेही तपासू नका. एकच खरखरत असेल तर बहुधा त्या गिअरचा सिंक्रो झिजलेला असतो. सगळेच कुरकुरत असतील आणि रिव्हर्स तर पडतच नसेल, तर गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असू शकतो, क्लचच पूर्ण सुटत नसतो. केबल ताणलेली असते, नाहीतर क्लचच्या तेलाच्या नळीत (हायड्रॉलिक लाइनमध्ये) हवा शिरलेली असते. अनेक गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून जातं, आणि ती डबी बॉनेट उघडताच समोर दिसते. म्हणून बॉनेट उघडू नये.

काळजी करायचीच असेल तर ज्या आवाजाने काही बिघडत नाही त्याची करा. रिव्हर्सला गाडी 'घुंईं' करते ना? पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरसारखे तिरके नसतात, म्हणून तो सूर निघतो. गाडी नवी होती तेव्हाही निघत होता. त्यावर रात्रीची झोप घालवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोही नसतो, त्यामुळे क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलं तर खर्र टळतं. पण मागून हॉर्न वाजत असताना दोन सेकंद कुणाकडे असतात? (थांबूनही खरखरलं तर क्लच सुटत नाही, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना नेहमी मागून हॉर्न न वाजणाऱ्या जागाच कशा मिळतात कोण जाणे.)

गिअर ऑइलविषयी तर बोलूच नये. इंजिन ऑइलला मिळणाऱ्या मानमरातबाच्या शंभराव्या हिश्शाचाही हे तेल हकदार नाही. बऱ्याच गाड्यांत त्याला डिपस्टिकही नसते. बॉक्सच्या कुशीत एक बोल्ट असतो, तो काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे, एवढंच त्याचं माप. ते कमी झालं की बेअरिंग हुंदके देऊ लागतात. बदलायचंच ठरवलंत तर आधी खालचा ड्रेन बोल्ट उघडून सगळं तेल सांडून टाका, आणि मगच वरचा भरायचा बोल्ट गंजून बसलाय का ते बघा. बसला असेल तर गाडी आता रिकाम्या गिअरबॉक्ससह जॅकवर उभी आहे आणि तुमच्याकडे निवांत वेळ आहे.

त्या वेळात ड्रेन बोल्टच्या चुंबकाला हात लावू नका. त्याला चिकटलेला करडा, लोण्यासारखा मऊ गाळ वयोमानाचा असतो, बोटावर चोळला तर काहीच टोचत नाही. पण बोटाला टोचणारी चकचकीत कपची निघाली तर ती कुठल्यातरी दात्याची किंवा बेअरिंगची असते, आणि मग माहीत नाही म्हणायची सोय राहत नाही. पटकन फडक्याने पुसा. तेल घेताना डब्यावरचा 'जीएल' हा गिअर ऑइलच्या वर्गाचा आकडा मोठा बघून घ्या. जीएल-4 पेक्षा जीएल-5 केव्हाही भारी, चारापेक्षा पाच मोठे हे शाळेतच शिकलोय. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो, तो पितळी सिंक्रो रिंगना मानवेलच असं नाही, आणि गाडीच्या पुस्तिकेत नेमकं काय टाकायचं ते छापलेलं असतं. पण पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, ती कशाला मळवायची?

पायाची शिस्तही पाळा. डावा पाय कायम क्लचवर विसावलेला हवा. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी झुलवावी. सिग्नलला न्यूट्रल करू नये, पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून उभं राहावं, म्हणजे रिलीज बेअरिंगला करमतं. ते गेलंच तर फक्त तेवढंच बदला. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरी मजुरी त्या उतरवण्याचीच असते. तेवढ्यात प्लेट, प्रेशर प्लेट बदलली किंवा मागच्या ऑइल सीलवर नजर टाकली, तर पुन्हा उतरवायला निमित्त काय राहील?

एवढं सगळं करून आवाज गाण्यांच्याही वर गेला की गाडी विकायला काढा. बघायला येणारा साधा माणूस असेल तर निभावतं. सोबत एखादा अबोल म्हातारा मिस्त्री घेऊन आला तर जरा जपून. तो न बोलता आत बसेल, न्यूट्रलला ठेवेल, क्लच हळूच दाबेल, सोडेल, पुन्हा दाबेल, आणि खाली उतरून गाडी घेणाऱ्याच्या कानात दोन शब्द सांगेल. त्या क्षणी चेहऱ्यावर जमेल तेवढं आश्चर्य आणा आणि म्हणा, 'काय सांगता! काल संध्याकाळपर्यंत तर काहीच नव्हतं!'